खाडीपासून स्टेशनपर्यंत : बसच्या वाटेची टिपणे

गोराई, चारकोप आणि मालवणी या तीन वसाहती एकाच योजनेतून उभ्या राहिल्या. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. म्हाडाने जमीन आखली, पाणी, गटारे, रस्ते घातले आणि छोटे छोटे भूखंड लोकांच्या हवाली केले. घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीने बांधायचे, जमेल तसे वाढवायचे. पस्तीसएक घरांची एक सोसायटी आणि मध्ये सगळ्यांची मिळून मोकळी जागा. आज त्या घरांवर मजले चढले आहेत, खाली क्लास आणि दवाखाने आले आहेत. पत्ता सांगताना मात्र लोक अजूनही आर.एस.सी. रोडचा आकडा आणि प्लॉट नंबरच सांगतात.

आखणी चांगली होती, हे मी मनापासून म्हणतो. शाळेला जागा ठेवली, बाजाराला ठेवली, मैदानाला ठेवली. गोराईला बेस्टचे आगारही मिळाले. मात्र या वसाहतींना एकमेकींशी आणि स्टेशनशी जोडणारी, फक्त बसची अशी वाट कुणी आखून ठेवली नाही. तेव्हा जमीन मोकळी होती. आता ती वाट भरलेल्या रस्त्यातून काढावी लागेल. ती कशी काढता येईल, याची ही टिपणे.

*

बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट) म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर रस्त्याच्या मधोमध बांधलेला काँक्रीटचा कठडा येतो. कठडा हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. बसला स्वतःची मार्गिका, बसच्या दाराच्या उंचीचा फलाट, तिकीट आधीच काढलेले, चौकात बसला पहिला मान आणि पाठोपाठ येणाऱ्या गाड्या, या पाच गोष्टी एकत्र आल्या तर बस वेगवान होते. यातली एक जरी सुटली तरी वेग गळू लागतो. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिली गोष्ट बांधली गेली आणि उरलेल्या चार नंतर बघू म्हणून राहून गेल्या.

*

ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ साली बससाठी राखीव रस्ते सुरू केले. महापौर जैमी लर्नर हे वास्तुरचनाकार होते. रेल्वेला पैसा नव्हता, म्हणून रेल्वेचे गुण बसला द्यायचे त्यांनी ठरवले. कोलंबियातल्या बोगोटाने डिसेंबर २००० मध्ये तेच मोठ्या प्रमाणावर केले. तिथे थांब्यापाशी बसला बसच्या पुढे जाता यावे म्हणून जादा मार्गिका ठेवली, आणि एका दिशेने तासाला चाळीस हजारांवर माणसे वाहून नेता आली. एवढी गरज गोराईला नाही. पण थांब्यापाशी एक बस उभी असताना मागच्या बसने काय करायचे, हा प्रश्न गोराईलाही लागू आहे.

*

साधा हिशेब. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्यावर एका मार्गिकेतून तासाला सातशे-आठशे मोटारी पुढे सरकल्या तर नशीब समजायचे. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तरी हजार-बाराशे माणसे होतात. त्याच मार्गिकेतून मिनिटाला एक बस सोडली आणि तीत पन्नास जण असले, तर तीन हजार माणसे जातात. रस्त्याची रुंदी हीच आहे, ती वाढणार नाही. ती कुणाच्या वाट्याला द्यायची, एवढाच निर्णय आपल्या हाती आहे. मला तर तो निर्णय अवघडही वाटत नाही. रस्त्यावर माणसे मोजली की झाले, गाड्या मोजायच्या नाहीत.

*

लिंक रोडवर मेट्रो आहे, मग बसची वेगळी वाट कशाला, असे शेजारच्या काकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे.

मेट्रो २अ दहिसरपासून अंधेरी पश्चिमेपर्यंत जाते : १८.६ किलोमीटर, १७ स्थानके. पहिला टप्पा २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झाला, उरलेला जानेवारी २०२३ मध्ये. गोराईकरांना तिचा फायदा झालाच आहे. पण मेट्रो उत्तर-दक्षिण धावते. गोराई आहे पश्चिमेला, खाडीच्या काठावर. वसाहतीच्या ‘गोराई दोन’ या भागाच्या टोकाला राहणाऱ्या माणसाला आधी लिंक रोड गाठायचा असतो, मग जिना चढायचा असतो. लोकल पकडायची असेल तर लिंक रोड ओलांडून थेट बोरिवली स्टेशन गाठायचे असते. या पूर्व-पश्चिम तुकड्यावर मेट्रो काहीच करू शकत नाही. आणि माणसाचा खोळंबा होतो तो नेमका याच तुकड्यावर.

म्हणून माझ्या मनातला मार्ग मेट्रोला समांतर नाही. एक फाटा खाडीच्या धक्क्यापासून गोराईतून लिंक रोड ओलांडून बोरिवली स्टेशनपर्यंत. दुसरा गोराईतून चारकोपला आणि पुढे लिंक रोडने मीठ चौकी गाठून मालवणीला. लिंक रोडवर बसने फक्त मधले थोडे अंतर जायचे, पुन्हा आत वळायचे.

*

त्यासाठी चीनमधल्या ग्वांगझूचा धडा उपयोगी आहे. तिथला मार्ग फेब्रुवारी २०१० मध्ये सुरू झाला. राखीव मार्गिका आहे २२.५ किलोमीटर, पण बस तिच्यात अडकून राहत नाहीत. वेगवेगळ्या वस्त्यांतून येतात, मार्गिकेत शिरतात, गर्दीचा टापू पटकन पार करतात आणि पुन्हा बाहेर पडून आपापल्या वस्तीत जातात. प्रवाशाला उतरून दुसरी गाडी धरावी लागत नाही.

आपल्याकडची म्हातारी माणसे, दप्तर घेतलेली मुले, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका यांच्यासाठी गाडी बदलणे हाच प्रवासातला सगळ्यात मोठा त्रास असतो. गोराईची बस आतल्या रस्त्यावरूनच सुटली पाहिजे आणि स्टेशनलाच पोहोचली पाहिजे.

*

लिंक रोडचा आडवा छेद कागदावर काढून बघितला. समजा १२० फूट, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर रुंदी पूर्ण हाती आली. दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरचे पदपथ धरले तर सहा मीटर गेले. मेट्रोचे खांब आणि त्यांच्या भोवतीचा दुभाजक अडीच मीटर. खांबांच्या दोन्ही अंगांना बसची एकेक मार्गिका, साडेतीन-साडेतीन मीटरची, म्हणजे सात. इतर वाहनांसाठी दोन्हीकडे दोन-दोन मार्गिका, प्रत्येकी ३.१ मीटर, म्हणजे १२.४. बेरीज २७.९ मीटर. थांब्यापाशी तीन मीटरचा फलाट. दोन दिशांचे फलाट समोरासमोर न ठेवता पुढेमागे ठेवले, तर एका ठिकाणी एकच फलाट रुंदी खातो. बेरीज ३०.९. उरले ५.६ मीटर. त्यात झाडे, रिक्षांचा स्टँड, माल उतरवायची जागा बसते.

म्हणजे जागा आहे. मात्र ती कागदावर आहे. प्रत्यक्षात ती कुठे रस्त्यावर लावलेल्या गाड्यांखाली आहे, कुठे दुकानांच्या पायऱ्यांखाली, कुठे अर्धवट राहिलेल्या रुंदीकरणात. आखणी करणाऱ्याने पहिले काम म्हणून ही रुंदी टेपने प्रत्यक्ष मोजावी. दर शंभर मीटरवर, आणि सकाळी, संध्याकाळी, रविवारी अशी वेगवेगळ्या वेळी. नकाशावरची रुंदी हा एक दावा असतो. बसला लागते ती मोकळी रुंदी.

*

मार्गिका कडेला ठेवावी की मधोमध? कडेला ठेवणे सोपे वाटते, कारण थांबे आधीच तिथे आहेत. पण कडेला काय काय असते ते आठवा. सोसायट्यांची फाटके, टेम्पो, रिक्षावाल्यांची रांग, दुकानाशी दोन मिनिटे थांबवलेली मोटार. अशा दोन मिनिटांच्या दहा मोटारी झाल्या की बसची मार्गिका संपली.

दुसरे कारण पावसाचे. रस्ता मधोमध उंच आणि कडांकडे उतरता असतो, त्यामुळे पाणी आधी कडेला साचते. खाडीकाठच्या या सखल भागात भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की कडेची मार्गिका सगळ्यात आधी पाण्याखाली जाणार. ज्या दिवशी बसची गरज सगळ्यात जास्त, त्याच दिवशी ती अडकणार. म्हणून मधोमध.

मधोमध ठेवल्यावर एक मोठी जबाबदारी अंगावर येते : प्रत्येक प्रवाशाला रस्ता ओलांडावा लागतो. याबद्दल पुढे.

*

दाराचा प्रश्न लहान दिसतो, पण सगळा खर्च त्यावर ठरतो. अहमदाबादेत ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झालेल्या जनमार्गात आणि पुण्याच्या रेनबो बीआरटीत फलाट दोन्ही दिशांच्या मधे ठेवला. त्यामुळे बसला उजव्या बाजूला दार लागते, आणि तेही नऊशे मिलिमीटर उंचीवर. अशी बस राखीव मार्गाच्या बाहेर गेली की डावे दार वेगळे आणि पायऱ्या वेगळ्या. नेहमीची बस त्या फलाटाला लागत नाही आणि ती बस बाहेर अवघडते.

गोराईसाठी फलाट बसच्या डाव्या हाताला ठेवावा, म्हणजे बसची मार्गिका आणि इतर वाहने यांच्या मध्ये. मग बेस्टची कुठलीही गाडी त्याला लागेल. बेस्टच्या विजेवरच्या कितीतरी गाड्या लो-फ्लोअर आहेत, जमिनीपासून चारशे मिलिमीटरच्या आसपास. फलाट तेवढाच उंच केला की गुडघे दुखणारी आजी आणि चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा कुणाचा हात न धरता आत जाऊ शकतात. फलाट बुटका असला की त्यावर चढायचा उतारही आखूड होतो. नवीन जातीच्या बस विकत घ्यायच्या नाहीत, हे मी या आखणीतले पहिले बंधन मानतो.

*

एकामागोमाग येणाऱ्या बस. वीस मिनिटे काही नाही आणि मग तीन गाड्या एकदम. यात कुणा एका ड्रायव्हरचा दोष नसतो. पहिली गाडी चौकात अडकली की पुढच्या थांब्यावर गर्दी वाढते. गर्दी चढायला वेळ लागतो, गाडी आणखी मागे पडते. मागच्या गाडीला थांब्यावर माणसेच नसतात, ती धावत येऊन पहिलीला गाठते.

याचा हिशेब करून पाहिला. दहा मिनिटांत दोन बस, बरोबर पाच-पाच मिनिटांनी आल्या, तर प्रवासी सरासरी अडीच मिनिटे थांबतो. त्याच दोन बस एक आणि नऊ मिनिटांच्या अंतराने आल्या, तर बहुतेक प्रवासी त्या नऊ मिनिटांच्या पोकळीत येऊन उभे राहतात आणि सरासरी ४.१ मिनिटांवर जाते. बस तेवढ्याच, डिझेल तेवढेच, पगार तेवढाच, आणि वाट पाहणे दीडपटीहून जास्त. वर पहिली बस ठासून भरलेली, दुसरी मोकळी.

राखीव मार्गिकेचे खरे काम इथे आहे. गाडी ताशी किती किलोमीटरने धावते यापेक्षा ती ठरल्या अंतराने येते का, याने गोराईच्या माणसाचा दिवस ठरतो. सात अठ्ठावन्नची विरार-चर्चगेट पकडायची असेल तर भरवशाची बारा मिनिटे हवीत. कधी आठ आणि कधी पंचवीस लागत असतील, तर घरातून पंचवीस धरूनच निघावे लागते.

*

कंडक्टर ताईंना विचारले, सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो? त्या म्हणाल्या, “सुट्ट्या पैशांत नाही हो, चढण्या-उतरण्यात. मागून चढणारे आणि मागूनच उतरू बघणारे. पुढे चला म्हणून घसा बसतो.”

मोबाइलवरचे तिकीट आणि कार्ड आल्यापासून आधी पैसे भरण्याची अर्धी सोय झालेली आहे. गर्दीच्या मोजक्या थांब्यांवर फलाटावरच तिकीट तपासले आणि बसची सगळी दारे एकदम उघडली, तर प्रत्येक थांब्यावर वाचलेली सेकंदे स्टेशनपर्यंत मिनिटांत जमा होतात.

*

पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही आपल्याला जवळची शाळा. दोन शेजारी शहरे, दोन महापालिका. त्यांनी २००७ मध्ये आपापल्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल उभी केली. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणारी बस हद्दीवर थांबवायची नसेल तर हे आवश्यकच होते. दोन शेजाऱ्यांमधला मार्ग आखताना आधी बस चालवणारा एक करायचा, हे त्यांनी बरोबर केले.

पहिला प्रयोग त्याच्याही आधीचा. डिसेंबर २००६, कात्रज-स्वारगेट-हडपसर. देशातला पहिला म्हणून गाजला. पण मार्गिका सलग नव्हती, थांबे रस्त्याच्या मध्ये आणि तिथपर्यंत पोहोचायला सुरक्षित वाट धड नाही. रस्ता ओलांडणाऱ्यांच्या अपघातांवरून मोठी टीका झाली, आणि ती योग्य होती.

मग २०१५ मध्ये रेनबो बीआरटी आली. संगमवाडी ते विश्रांतवाडी, सांगवी ते किवळे. बंद फलाट, सरकती दारे, नकाशे, सलग मार्गिका. सांगवी-किवळेसारख्या रुंद रस्त्यावर ही गोष्ट नीट चालू शकते, हे दिसले. दापोडी-निगडीची कथा वेगळी. मार्ग बांधून झाला, पण सुरक्षिततेच्या प्रश्नावर न्यायालयात याचिका होती. आयआयटी मुंबईकडून सुरक्षा तपासणी झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बस धावू लागल्या. मधली कितीतरी वर्षे ती मार्गिका नुसती पडून होती. ओलांडायची सोय पहिल्या दिवशीच आराखड्यात असती तर ती वर्षे वाचली असती, असे मला वाटते.

आणि नगर रस्ता. २०१६ मध्ये सुरू झालेला मार्ग २०२३ पासून तुकड्यातुकड्याने उखडला गेला. कोंडी होते, असे कारण दिले गेले. मेट्रो आली होती, मोटारी वाढल्या होत्या, मार्गिका जागोजागी तुटली होती. तुटलेल्या मार्गिकेतून बस नीट धावत नाही. बस नीट धावत नाही म्हणून मार्गिका निरुपयोगी ठरते, आणि निरुपयोगी म्हणून उखडली जाते. हा क्रम ओळखून ठेवला पाहिजे.

*

दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद, ५.८ किलोमीटर, २००८. बसमधली माणसे पुढे जात होती आणि मोटारीतली माणसे सिग्नलला रांगेत होती. बसमार्गिका सगळ्यांना खुली करा, अशी मागणी न्यायालयात गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने ती फेटाळली. तरी २०१६ मध्ये मार्ग काढून टाकला गेला.

मोटारीच्या काचेतून बघणाऱ्याला बसची मार्गिका बराच वेळ रिकामी दिसते. मिनिटाला एक बस गेली तरी मधली पन्नास-पंचावन्न सेकंदे तिथे कुणी नसते. ती रिकामी जागा म्हणजेच बसचा वेग. हे लोकांना आधीच, समजेल अशा भाषेत आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते. दिल्लीत ते पुरेसे सांगितले गेले नाही.

*

याच कारणाने बेस्टच्या ताफ्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. शंभर वर्षांची ही सेवा. एके काळी साडेचार हजारांच्या घरात असलेला ताफा अलीकडे तीन हजारांच्याही खाली आला. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले. भाडे वाढले तरी लोक एक वेळ समजून घेतील. बस येत नाही, हे कुणी का समजून घ्यावे?

मार्गिका रंगवून दहा मिनिटांनी एक बस सोडली तर ती मार्गिका टिकणार नाही. आधी गाड्या, मग रंग. पहिल्या दिवसापासून गर्दीच्या वेळी दोन-अडीच मिनिटांना एक बस देण्याची तयारी नसेल, तर त्या दिवसाची घाई करू नये.

*

चौक. मधोमध बसमार्गिका आणि तिच्या डावीकडून उजवीकडे वळू पाहणारी मोटार, हा सगळ्यात धोकादायक छेद. दोनच मार्ग आहेत. एक तर उजव्या वळणाला वेगळा सिग्नल द्यायचा, म्हणजे सगळ्यांचा थांबण्याचा वेळ वाढतो. नाहीतर काही चौकांत उजवे वळण बंद करायचे आणि पुढे जाऊन वळून यायला सांगायचे. मी दुसऱ्याच्या बाजूचा. मोटारवाल्याचे पाचशे मीटर वाढतील, पण चौक सुटसुटीत होईल.

थांबा चौकाच्या अलीकडे नको, पलीकडे हवा. अलीकडे असला तर बस हिरवा सिग्नल माणसे चढवण्यात घालवते आणि मग लाल सिग्नलला पुन्हा उभी राहते.

*

रस्ता ओलांडणे. पादचारी पूल नको. बांधलेला पूल कोण वापरते, ते कुठल्याही स्टेशनाबाहेर उभे राहून बघावे. साठीतली बाई दोन मजले चढून-उतरून बस पकडणार नाही. ती कठड्यातल्या फटीतून जाईल. फलाटाच्या दोन्ही टोकांना जमिनीवरची, थोडी उंचवलेली ओलांडणी हवी. वाहनाचा वेग तिथे आपोआप कमी व्हावा. फलाटाला लागून मधे उभे राहायला जागा हवी, म्हणजे एका दमात सगळा रस्ता पार करावा लागणार नाही.

आणि दिवे. रात्री साडेदहाला परतणाऱ्या मुलीला फलाट, ओलांडणी आणि आतल्या रस्त्याची पहिली शंभर पावले, हे सगळे उजेडात मिळाले पाहिजे. फलाटाच्या पाठीमागच्या भिंतीवर जाहिरात लावून आतले दिसेनासे करू नये. फलाट बाहेरून दिसता ठेवावा.

*

शेअर रिक्षा. बसमार्गाच्या आराखड्यांत रिक्षाला अडथळा म्हणून दाखवतात. गोराईत बसला कधी उशीर झाला, कधी ती आलीच नाही, तेव्हा या रिक्षांनीच माणसे स्टेशनला पोहोचवली. त्यांना हाकलून मार्ग यशस्वी होणार नाही. आतल्या अरुंद आर.एस.सी. रस्त्यांवर बारा मीटरची बस वळूच शकत नाही. तिथून थांब्यापर्यंत आणणे हे रिक्षाचेच काम. वर काढलेल्या छेदातल्या ५.६ मीटरच्या पट्टीत त्यांच्यासाठी जागा राखावी : थांब्याला लागून, पण बसच्या वाटेत नाही. युनियनच्या मंडळींना आराखडा मंजूर होण्याआधी बोलवावे.

*

स्टेशनकडचा शेवटचा तुकडा सगळ्यात कठीण. लिंक रोड ओलांडून बाभई नाक्याकडून एस. व्ही. रोड आणि पुढे स्टेशन. इथे रुंदी नाही, मार्गिका बसत नाही. अशा ठिकाणी नकाशावर रेघ ओढून मोकळे होणे सोपे असते. बस तिथेच अडकते आणि मागचे सगळे कमावलेले हरवते.

इथे उपाय वेळेचा. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ, स्टेशनसमोरच्या छोट्याशा टापूत बस, रिक्षा, रुग्णवाहिका आणि पायी माणसे एवढेच. मोटारी अलीकडून वळवायच्या. व्यापारी विरोध करतील, त्यांची बाजूही ऐकावी. त्यांच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक मोटारीतून येते की पायी, याची मोजणी त्यांच्याच सोबत उभे राहून करावी.

*

अनंत चतुर्दशी. बोरिवलीतले कितीतरी गणपती गोराईच्या जेट्टीवर विसर्जनाला येतात. म्हणजे या मार्गाचे पश्चिमेचे टोक वर्षातून काही दिवस मिरवणुकीचे असते. फलाटाची छपरे, दिव्यांच्या कमानी, सूचनाफलक यांची उंची ठरवताना ट्रॉलीवरच्या मूर्तीची उंची लक्षात घेतली पाहिजे. रस्त्यावर आडव्या कमानी नकोतच. त्या दिवसांत बस कुठे वळणार, कुठून परतणार, हे आधीच ठरवून प्रत्येक थांब्यावर कायमचे लिहून ठेवावे. दरवर्षी नव्याने शोधायची ही गोष्ट नाही.

*

कुणाकुणाला एका टेबलाशी बसवावे लागेल? गोराई पालिकेच्या आर मध्य विभागात, चारकोप आर दक्षिणमध्ये, मालवणी पी उत्तरमध्ये. बस बेस्टची. मेट्रो आणि तिचे खांब एमएमआरडीएकडे. सिग्नल म्हटला की वाहतूक पोलीस आले. रिक्षांचे परवाने आरटीओ देते. वसाहतींची मूळ आखणी म्हाडाची. धक्का मेरीटाइम बोर्डाच्या अखत्यारीत.

यातला प्रत्येक जण आपले काम चोख करू शकतो आणि तरी बस चौकात उभी राहू शकते. एक अधिकारी, एकच, ज्याला सकाळी फोन करून विचारता येईल की आज गोराईची बस का थांबली, असा हवा.

*

खाडीपलीकडचे गोराई गाव. कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांची जुनी वस्ती, तिकडे पुढे कुळवेम, मनोरी, उत्तन. पालिकेच्या नकाशात अलीकडचे आणि पलीकडचे गोराई एकाच विभागात. रस्त्याने जायचे तर उत्तनवरून भाईंदरला वळसा घालावा लागतो, म्हणजे मधे मिरा-भाईंदर महापालिकेची हद्द ओलांडून यायचे. बोटीने खाडी पार करायला थोडीच मिनिटे लागतात.

एस्सेल वर्ल्ड १९८९ ते २०२२ चालू होते. फेब्रुवारी २००९ मध्ये विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन झाले. या दोन्हींमुळे बोरिवली स्टेशनहून खाडीला येणारी २९४ नंबरची बस साऱ्या मुंबईला माहीत झाली. पण रविवारच्या पाहुण्यांइतकीच ती गावातून कॉलेजला, बाजाराला, दवाखान्यात येणाऱ्यांची आहे. त्यांचा प्रवास बोट, बस आणि लोकल असा तीन तुकड्यांचा. बोट आणि बस यांचे वेळापत्रक एकाच फलकावर, एकाच हाताने लिहिलेले असावे. बोट धक्क्याला लागली की बस उभी असावी. रात्रीची शेवटची बोट सुटण्याआधी स्टेशनवरून येणारी बस पोहोचलेली असावी. याला ना काँक्रीट लागते, ना टेंडर.

काही वर्षांपूर्वी महावीर नगरहून चारकोपमार्गे पॅगोडापर्यंत रोपवेचा विचार एमएमआरडीएने मांडला होता. माणसे खाडीवरून लोंबकळत नेण्याआधी खाडीपर्यंतची बस वेळेवर आणावी.

*

वर्सोवा-दहिसर सागरी रस्त्याचे काम पालिकेने सहा टप्प्यांत विभागले आहे. त्यातला ‘ई’ टप्पा चारकोप ते गोराई आणि ‘एफ’ गोराई ते दहिसर. रस्ता कांदळवनातून जातो. त्याची किंमत खाडी आणि खाडीवर पोट असलेली माणसे मोजणार आहेत. माझा त्या रस्त्याला असलेला आक्षेप या टिपणांत मावणार नाही. पण तो होणारच असेल, तर चारकोप आणि गोराई यांना जोडणारी नवी रुंदी पहिल्यांदाच हाती येते आहे. वसाहती आखल्या तेव्हा सुटलेली गोष्ट भरून काढायची ही एकच जागा.

दक्षिण मुंबईच्या सागरी रस्त्याच्या मूळ प्रस्तावात बससाठी राखीव मार्गिका होत्या. मार्च २०२४ मध्ये रस्ता खुला होऊ लागला तेव्हा मोटारी धावल्या, बसची मार्गिका कुठे दिसली नाही. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांवरची बीआरटीची आखणीही अशीच कागदावर राहिली. म्हणून ‘ई’ आणि ‘एफ’ टप्प्यांबाबत नुसता शब्द घेऊन चालणार नाही. आराखड्याच्या आडव्या छेदात बसमार्गिका आकड्यांसह दिसली पाहिजे, चढ-उताराच्या रॅम्पपाशी बसथांबा दिसला पाहिजे, आणि गोराई आगारातून त्या रॅम्पवर बस कशी चढेल, त्याचे वळण काढलेले असले पाहिजे. आर मध्य विभागाच्या कार्यालयात जाऊन हे तिन्ही कागद बघायला मागायचे आहेत. सोबत चारकोपच्या दोन सोसायट्यांची माणसे येणार आहेत, आणि धक्क्यावरून गावातल्या एक ताई.